गेट नंबर तीनचं अस्वल

"मार ना! घाबरलास की काय?"

"मी? आणि घाबरलो? थांब, बघच आता!"

धडक दहा पावलं मागे गेला, धावत आला आणि अस्वलाच्या नडगीवर त्याने अशी सणसणीत लाथ हाणली की रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली.

अस्वल काही खरं नव्हतं. तपकिरी केसांचा जाडजूड पोशाख, त्यावर टोपलीएवढं डोकं आणि आत कुणीतरी माणूस. भल्यामोठ्या पार्कच्या गेट नंबर तीनवर, भर दुपारी दोन वाजता, ते उन्हात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला टाटा करत होतं. लाथ बसल्यावर ते जरासं लंगडलं. मग त्याने हात वर केला आणि धडकलाही टाटा केला!

तिघंही पोट धरून हसली.

"दोन लाथा, तीन चिमटे आणि शेपटीला चार हिसके!" मोजणीने जाहीर केलं.

मोजणी म्हणजे धडकची धाकटी बहीण, वय वर्षं अकरा. दिसेल ते मोजायची तिला खोडच होती. जिन्याच्या पायऱ्या, बाबांच्या शिंका, गुरुजींच्या शर्टाची बटणं, काही म्हणून सुटायचं नाही. धडक बारा वर्षांचा. त्याने जन्मात एकही दार हाताने उघडलं नव्हतं, खांद्यानेच उघडायचा. आणि तिसरा त्यांचा दहा वर्षांचा मावसभाऊ, शंकासुर. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी हा विचारणार, "कशावरून?" शेपटीचे चारही हिसके त्याचेच होते.

पोरं अशी दुष्ट असतात. तुम्हीही असाल, उगाच साळसूद चेहरा करू नका.

धडक आणि मोजणी सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी, म्हणजे शंकासुराची आई, याच गेटवर तपासणीला असायची. लोक लोखंड ओळखणाऱ्या चौकटीतून आत येणार, चौकट वाजली की मावशी त्या माणसाला बाजूला घेणार, खिसे आणि पिशवी तपासणार आणि मग आत सोडणार. आज मात्र तिच्या जागी दुसरीच बाई उभी होती.

"काका, माझी आई कुठंय?" शंकासुराने सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझरच्या गळ्यात पोलादी शिट्टी आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. पोरं त्याला शिट्टीमास्तर म्हणायची.

"तुझी आई? आहे की इथंच! शोध बघू!" शिट्टीमास्तर खदाखदा हसला. "आणि मारा, मारा त्या अस्वलाला! काही होत नाही. आत नुसता कापूस आहे!"

मग काय! आत शिरण्याआधी धडकने आणखी एक ठेवून दिली.

संध्याकाळी सहाला मावशी घरी आली ती भिंतीला धरून. चेहरा लालबुंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेले. उभ्याउभ्या ती तीन तांबे पाणी प्यायली आणि धपकन खाटेवर बसली. तिने डावा पाय वर घेतला. नडगी सुजून निळी पडली होती.

धडकने हातातला घास परत ताटात ठेवला.

"आई, काय झालं?" शंकासुराने विचारलं.

"पायरीवरून घसरले."

"कुठल्या पायरीवरून?"

"तू गप बस रे जरा!"

तेवढ्यात शेजारी राहणाऱ्या, पार्कातल्या झाडूवाल्या काकू मलमाची डबी घेऊन आत आल्या. "पायरी कसली, डोंबलाची!" त्या कडाडल्या. "पोरांपासून लपवतेस कशाला? अगं, सकाळी अकरापासून त्या मेल्याने अस्वलात कोंबलं होतं तुला! येणारं प्रत्येक कार्टं लाथा घालत होतं!"

डबी घ्यायला पुढे केलेला शंकासुराचा हात नुसता हवेत राहिला. शेपटी ओढली होती ना, तोच हात.

पार्कचा रिवाज असा होता. गेटवरच्या ज्याची चूक होईल, त्याला तीन दिवस अस्वलाचा पोशाख. आतून बोलायचं नाही, लोकांसमोर डोकं काढायचं नाही, कुणी काहीही केलं तरी टाटाच करायचा. पाणी हवं असेल तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबायचं. आणि शिट्टीमास्तरने आज मधली सुट्टी दिलीच नव्हती.

"पण तुझी चूक काय झाली?" मोजणीने विचारलं.

"सकाळी एकजण सुरा घेऊन आत गेला. बोटीच्या रांगेत भांडण झालं आणि त्याने एकाच्या दंडावर सपकन वार केला. चौदा टाके पडले बिचाऱ्याला." मावशी थांबली. "माझ्याच गेटमधून गेला होता. शिट्टीमास्तरने लिहून दिलंय की मी गप्पा मारत होते, म्हणून चौकट वाजलेली मला कळली नाही. परवा मालकीणबाई येणार आहेत. नोकरी गेली की पार्कने दिलेल्या या खोल्याही आठ दिवसांत सोडायच्या."

"तू गप्पा मारत होतीस?"

"नाही रे! चौकट वाजलीच नाही. हातभर लांब सुरा, आणि चौकट मुकी! पण कुणाला पटणार? दिवसभर तर वाजत असते."

शंकासुराचे बाबा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्यांना तोंड कसं दाखवायचं, हेच मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

धडक खाटेजवळ गेला. "मावशी... ती लाथ..."

"माहीत आहे. त्या डोक्याच्या तोंडाला जाळी असते, तिच्यातून सगळं दिसतं. दोन आधी, एक नंतर." मावशीने त्याला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. मलम चोळत राहिली. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धडकला वाटलं.

इतक्यात शंकासुर म्हणाला, "कशावरून?"

"काय कशावरून?" काकू खेकसल्या. "काय वेळ, काय काळ! इथेही तुझं कशावरून?"

"चौकट लोखंडाला वाजते, हे कशावरून?"

दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आधीच तिघं समोरच्या बाकावर हजर! अस्वल आपल्या जागी उभं होतं. आज ते डावा पाय टेकत नव्हतं. तिघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

दहाच्या सुमारास एका धट्ट्याकट्ट्या पोराने येऊन अस्वलाच्या पोटात गुद्दा मारला. धडक तीरासारखा सुटला आणि त्याने पोराची गचांडी धरली. लगेच शिट्टी वाजली.

"ए! पाहुण्याला हात लावतोस?" शिट्टीमास्तरने धडकचा कान असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा दिसलास तर अस्वलाला उद्याही मधली सुट्टी नाही. कळलं?" आणि त्या पोराला म्हणाला, "मारा राजे, मारा! कापूस आहे!"

पोराने आणखी दोन मारले. अस्वलाने टाटा केला.

धडक दात-ओठ खात बाकावर येऊन बसला. मोजणीने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती पुटपुटत होती, "...दहा, अकरा, बारा."

टूँ टूँ! चौकट वाजली.

"परत बारा!" मोजणी ओरडली. "लागोपाठ पाचव्यांदा!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बारावं माणूस आलं की वाजते! बघ तरी. मघाशी एक आजोबा गेले, सगळी हत्यारं घेऊन नळ दुरुस्त करायला. सातवे होते. वाजली? नाही! आणि आईच्या पुढे दुडदुडत गेलेलं ते नागडं बाळ? ते बारावं. वाजली!"

"मग तपासणाऱ्यांना हे कसं कळत नाही?" धडकने विचारलं.

शंकासुराने गेटकडे बोट दाखवलं. बाराव्या माणसाला बाजूला घेतलं होतं. त्याच्या खिशातून किल्ली निघाली. तपासणाऱ्या बाईने समाधानाने मान डोलावली आणि त्याला आत सोडलं.

"खिशात किल्ली, नाणं, पट्ट्याचं बक्कल, काहीतरी कुणाकडेही सापडणारच," शंकासुर म्हणाला. "सापडलं की यांना वाटतं, वा! चौकट बरोबर वाजली! जे न वाजता गेले, त्यांचे खिसे कोण बघतो?"

"शाब्बास रे शंकासुरा!" धडकने त्याच्या पाठीत दणका घातला.

"पण हे खरं कशावरून?" शंकासुर पाठ चोळत म्हणाला.

त्यासाठी धडक धावत घरी गेला आणि मावशीच्या स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता शर्टाखाली खोचून आला. मोजणीने बोटांनी खूण केली. पाचवा! धडक छाती काढून चौकटीतून चालत गेला. बत्ता पोटाला टोचत होता. चौकट गप्प!

आता मोजणीची पाळी. तिने केसांतले चाप काढले, बक्कलवाल्या चपला काढल्या, खिसे उलटे केले. अंगावर सुईएवढंही लोखंड नाही. अकरावा माणूस गेला आणि ती आत शिरली.

टूँ टूँ!

नेमका शिट्टीमास्तरच तिथे उभा होता. "काय लपवलंय गं?" त्याने तिची कापडी पिशवी जमिनीवर उपडी केली. रुमाल, वही, आईचं पत्र, सगळं धुळीत! "तोंड उघड! आ कर! दातात काय भरलंय?" लोक हसायला लागले. मोजणीने आ केला. तिला रडू कोसळत होतं, पण रडताना मोजता येत नाही, म्हणून तिने ते गिळलं.

काहीच सापडेना तेव्हा शिट्टीमास्तर आणखी चिडला. "चल केबिनमध्ये! नाव लिहून घेतो तुझं!"

शिट्टीमास्तरने स्वतःच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं! केबिनमध्ये टेबलावर पंख्याखाली कागद फडफडत होते आणि ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक लोखंडी तुकडा ठेवला होता. तुकड्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'रोज सकाळी हा तुकडा चौकटीतून नेऊन पाहणे. चौकट न वाजल्यास गेट बंद ठेवणे.' चिठ्ठीवर धूळ आणि चहाच्या कपाचे डाग. मोजणीने मोजले, सात डाग. शेजारी तपासणीची वही उघडी होती. 'तुकडा नेला, चौकट वाजली', आणि पुढे शिट्टीमास्तरची सही. एक तारखेला सही, दोनला सही, तीनला सही...

आज तारीख एकोणीस होती. सह्या तीसपर्यंत होत्या!

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई आल्या. पांढरे केस, हातात काठी, तोंडावर हसू म्हणून नाही. मागे मॅनेजरसाहेब हात चोळत. गेटवरचे सगळे कर्मचारी एका ओळीत उभे केले होते आणि समोर अस्वल. चौकशी अस्वलाचीच, तरी त्याला बोलायची मुभा नव्हती!

"ही ती बाई?" मालकीणबाईंनी काठीने अस्वलाला ढोसलं.

"हीच, बाईसाहेब," शिट्टीमास्तर म्हणाला. "दिवसभर गप्पा! चौकट बोंबलत होती, पण हिचं लक्ष असेल तर ना!"

"काढून टाका. आणि खोल्या रिकाम्या करून घ्या."

झालं! एवढीच चौकशी! झाडूवाल्या काकूंच्या डोळ्यांना पदर लागला. आणि तेवढ्यात बाकावरून एक किरटा आवाज आला.

"कशावरून?"

मालकीणबाई वळल्या. जन्मात त्यांना कुणी असं विचारलं नसावं. "कोण रे तू?"

"मी अस्वलाचा मुलगा."

कुणीतरी फिसकन हसलं. शंकासुर बाकावरून उतरून पुढे आला. "चौकट चांगली आहे ना काका? मग तुम्हीच जा तिच्यातून. गळ्यात शिट्टी आहे, कमरेला इतक्या किल्ल्या आहेत."

"हाकला रे या कार्ट्याला!" शिट्टीमास्तर ओरडला.

"का? भीती वाटते?" मालकीणबाईंनी डोळे बारीक केले. "जा की."

सकाळपासून आत आलेल्या एकूणएक माणसाची मोजणीने नोंद ठेवली होती. "सहावे," ती म्हणाली. "वाजणार नाही."

शिट्टीमास्तर चौकटीतून गेला. किल्ल्या खुळखुळल्या. चौकट गप्प.

"आता धडक. सातवा, बत्त्यासकट."

धडकने बत्ता चक्क डोक्यावर धरून नेला. चौकट गप्प! मग काकू लोखंडी सुपली घेऊन गेल्या, माळी कुदळ घेऊन गेला, मॅनेजरसाहेबांनाही घाम पुसत जावं लागलं. आठ, नऊ, दहा. चौकटीची जणू वाचाच बसली होती.

"अकरावी मी," मोजणी म्हणाली आणि पलीकडे गेली. "आता बाईसाहेब, काठी ठेवा. अंगावर लोखंड असेल तर तेही काढून ठेवा. आता वाजणार."

मालकीणबाईंनी काठी ठेवली, घड्याळ ठेवलं, चष्माही ठेवला आणि त्या चाचपडत चौकटीत शिरल्या.

टूँ टूँ!

मालकीणबाईंनी आपले दोन्ही रिकामे हात उलटसुलट करून बघितले.

"बाईसाहेब, आणि केबिनमधली वही बघा," मोजणीने घाईने सांगून टाकलं. "आज वीस तारीख, पण काकांनी तीसपर्यंतची तपासणी करून ठेवलीय!"

वही आली. लोखंडी तुकडाही आला, डागांसकट. शिट्टीमास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. "बाईसाहेब, सुट्टीची गर्दी... चौकट सारखी वाजायची, रांग लांबायची, लोक ओरडायचे... मॅनेजरसाहेबच म्हणाले, काहीतरी करा!"

"मी रांग कमी करा म्हटलं!" मॅनेजरसाहेब किंचाळले. "चौकट बंद करा कुठं म्हटलं?"

"बंद नाही केली! नुसती बाराला एकदा वाजेल अशी लावली. वाजत राहिली म्हणजे कुणाला शंका येत नाही..." बोलता बोलता आपण काय बोलतोय हे त्याला कळलं आणि त्याने जीभ चावली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती इथे खरोखर द्यायला निघाले होते. आणि अजूनही, बघा हं, अजूनही कुणाला अस्वलाची आठवण झाली नव्हती! शंकासुर धावला. त्याने बाकावर चढून ते टोपलीएवढं डोकं दोन्ही हातांनी उपटलं. आत मावशीचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. ती रडत होती की घाम होता, काही कळत नव्हतं.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. मावशीची माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, ती त्यांची सवयच नव्हती. "उद्यापासून गेट तीनची सुपरवायझर तू," एवढंच म्हणाल्या. "खोल्या राहू देत." मग त्यांनी मोजणीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आम्ही एवढी माणसं इथे डोळे फोडून उभी, आणि दिसलं तुला! आणि तू रे, अस्वलाच्या मुला, असाच विचारत जा. लोक हाकलतील, तरी विचार. शाबास तिघांची!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनी सर्वांत मोठ्याने.

"तुम्ही वाजवू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "ज्याची चूक, तो अस्वल. सुपरवायझर तीन दिवस, मग तुम्ही तीन दिवस. पोशाख एकच आहे, नाहीतर दोघांना एकदमच घातलं असतं."

अर्ध्या तासात गेटवर अस्वल पुन्हा उभं राहिलं, जरा ठेंगणं आणि पोटाशी घट्ट. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दुपारी दोनपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी कुणी त्याला कोपर मारून गेलं, कुणी शेपटी पिरगाळून. एकाने तर झाडूचा दांडा घातला. "कापूस आहे, कापूस!" सगळे ओरडत होते. अस्वल टाटा करत होतं.

आपली तिघं मावशीबरोबर बाकावर बसली होती. मावशीच्या पायाला पट्टी होती.

"जा," काकू धडकला म्हणाल्या. "तुझी तर हक्काची लाथ आहे. चांगली धावत जाऊन घाल!"

धडक उठला, दहा पावलं चालत गेला. त्याला येताना बघून अस्वलाने दोन्ही हात पोटाशी घेतले आणि ते मागे सरकलं. धडक थबकला. परवा मावशीनेही असेच हात घेतले होते का? त्याला आठवेना. त्याने तेव्हा बघितलंच नव्हतं.

तो तसाच परत आला. "मावशी, त्याला पाणी देऊ?"

"डोकं काढायचं नाही. नियम आहे," मावशी म्हणाली. हुबेहूब शिट्टीमास्तरच्या आवाजात.

तिघांनी तिच्याकडे बघितलं. मावशी असं बोलू शकते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"असं काय बघताय? दोन दिवस, सकाळपासून सहापर्यंत मला घोटभर पाणी मिळालं नाही. त्याला दहा मिनिटं थांबू दे. फक्त दहा. मग देते." तिने पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरली. "मोज गं."

मोजणी गेटवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली. एक मिनिट. दोन. एक पोरगं धावत आलं आणि त्याने अस्वलाच्या नडगीवर लाथ मारली. मावशीचा हात आपोआप स्वतःच्या पट्टीवर गेला. तीन. चार. अस्वल एका पायावर उभं राहून टाटा करत होतं. पाच. सहा.

मावशी उठली. बाटली घेऊन लंगडत अस्वलाकडे निघाली.

"मावशी!" मोजणी मागून ओरडली. "सहाच झाली! अजून चार बाकी आहेत!"

"तुझं मोजणं चुकलं," मावशी न वळता म्हणाली. सगळ्या लोकांसमोर तिने अस्वलाचं डोकं काढलं आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली.

मोजणीचं मोजणं आजवर कधीच चुकलं नव्हतं. पण तिने वाद घातला नाही. "दहा," ती हळूच म्हणाली.